रेशनची रांग, लाज आणि खचलेले मन : गरजू आईला साथ कशी द्यावी

बचत गटातली एखादी सदस्य लागोपाठ दोन बैठकांना आली नाही, तिच्या लेकराची अंगणवाडीतली पाकिटे तशीच पडून राहिली आणि रेशन दुकानदाराने ‘या महिन्यात त्यांचा अंगठाच झालेला नाही’ असे सांगितले, की गावात साधारण दोनच निष्कर्ष निघतात. एक तर तिला गरज नसावी, नाही तर ती आळशी असावी. घरातले पीठ संपत आलेले असूनही ती उंबऱ्याबाहेर पडू शकत नसेल, ही तिसरी शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, गटाच्या अध्यक्षा, शेजारणी आणि जावा-नणंदा यांनी अशा आईला नेमकी कशी मदत करावी, हे इथे सांगितले आहे. कारण अर्ज आणि अधिकारी यांच्या किती तरी आधी याच बायका तिच्या दारात पोहोचतात.

आधी गुंता समजून घ्यावा

घरात धान्य कमी पडू लागले की पहिली कपात आईच्या ताटात होते. मुले, नवरा, सासू-सासरे यांची जेवणे उरकल्यावर ती बसते आणि कोरड्यास संपलेले असेल तर भाकरी चटणीशी खाऊन उठते. अपुरे अन्न, अंगात रक्त कमी, तुटक झोप आणि उद्या चूल कशी पेटणार याची काळजी हे सगळे महिनोन्‌महिने चालू राहिले की मन खचते. अन्नाची चणचण आणि मातांमधले नैराश्य हातात हात घालून येतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. उपासमारीने मन खचते, आणि मन खचले की दाखले गोळा करणे, तहसीलला हेलपाटे घालणे, रांगेत ताटकळणे ही कामे अंगावर येतात. ती राहून गेली की त्या महिन्याचे धान्य हातचे जाते, कारण ज्या महिन्याचे धान्य त्याच महिन्यात उचलावे लागते.

या दोहोंच्या मधे लाज उभी असते, आणि ती सर्वांत गरीब घरातच असते असे अजिबात नाही. जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या किती तरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईला माथाडी कामावर आहे, खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पैसे येणे थांबले तरी गावातला मान थांबत नाही, आणि मग ‘नवरा मुंबईला कमावतोय, आन ही पिशवी घेऊन रेशनला’ हे वाक्य कानावर पडू नये म्हणून सून दुकानाकडे फिरकत नाही. पूर्वी खातेदार म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आता दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या घरांत ही लाज जास्त जाचते, असे माझे मत आहे.

१९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत दुष्काळी कामांवर गाव लोटले होते आणि तिथे मिळणारी सुकडी सगळ्यांनीच खाल्ली. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीची चव आजही तोंड वाकडे करून सांगतात, पण ते खाल्ल्याची लाज त्यांच्या बोलण्यात नसते. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या बंगल्यांतली माणसेही मदतीच्या रांगेत उभी होती. लाज अन्न घेण्याची नसते, चारचौघांतून एकटीला वेगळे काढले जाण्याची असते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे २०१७ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात अन्न सुरक्षा योजनेचे धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर आपण गरीब असल्याची ओळ रंगवण्यात आली होती. उलट अमेरिकेत अन्नसाहाय्यासाठी कागदी कुपने चालत असत आणि दुकानातल्या प्रत्येकाला ती दिसत. २००४ पर्यंत त्यांची जागा साध्या बँक कार्डासारख्या दिसणाऱ्या कार्डाने घेतली. मदतीचा आकडा तोच राहूनही ती देण्याची रीत बदलता येते, आणि गावपातळीवर आपल्या हातात बहुतांश हीच रीत असते.

पहिल्या भेटीत काय करावे, काय टाळावे

भेट दुपारी, पुरुष माणसे कामावर असताना आणि एकटीने जाऊन घ्यावी. चौघीजणींनी मिळून जाऊ नये, आणि सोबत धान्याची पिशवी नेऊन ती ओट्यावर सगळ्यांदेखत तर ठेवूच नये. हातात काही न्यायचेच असेल तर आपल्याकडे एकमेकींना वानवळा देण्याची पद्धत आहे. शेंगा, काकवी, परड्यातली भाजी असे काही तरी न्यावे, ज्याची परतफेड ती पुढे सहज करू शकेल. फोटो काढू नये. एखाद्या संस्थेने किट देताना फोटोची अट घातली असेल तर वस्तूंचा फोटो आणि सहीचा कागद यांवर भागवून घेण्याचा आग्रह धरावा. बहुतेक संस्था ऐकतात, आणि जी ऐकत नाही तिच्याकडे पुन्हा जाऊ नये.

‘तुमच्यात खायला आहे का?’ असा थेट प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेले असते: ‘आहे की, काय कमी न्हाई आमच्यात.’ त्याऐवजी गोष्टी छोट्या करून विचाराव्यात. या आठवड्यात दळण कधी आणले, बाळाला वरचे काय देता, काल रात्री तुम्ही स्वतः काय जेवला. शेवटच्या प्रश्नापाशी बाई थबकते, आणि त्या थबकण्यातच पुष्कळ कळते.

चूल त्याच आठवड्यात अडलेली असेल तर कागदपत्रांची भाषा बाजूला ठेवावी. गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज म्हणून दिलेले दोन-तीन आठवड्यांचे धान्य मदतीपेक्षा सोपे पचते, कारण त्याची नोंद इतर सदस्यांच्या कर्जासारखीच होते. शहराजवळ राहणाऱ्या बाईला शिवभोजन थाळीचा उपयोग होऊ शकतो. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या या योजनेत दहा रुपयांत जेवण मिळते, मात्र जवळचे केंद्र चालू असल्याची खात्री आपण आधी करावी आणि मगच तिला सांगावे.

रेशनकार्डाची नेमकी अडचण शोधावी

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफतच देण्याचा केंद्र सरकारचा निर्णय आहे. महाराष्ट्रात केशरी कार्डधारकाला प्राधान्य गटात येण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये ठेवलेली आहे. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव असायला हवे. हे कलम सासूबाईंसमोर आवर्जून वाचून दाखवावे. बऱ्याचदा घरातला विरोध तिथेच मावळतो.

प्रत्यक्षात घोडे अडते ते बहुधा पुढच्या जागी. लग्न होऊन सहा-सात वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर असते. तिकडचे ५ किलो भाऊ उचलतो आणि इकडे तिच्या व मुलांच्या नावाचे काहीच येत नाही. माहेरच्या तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. हे काम ऐकायला अर्ध्या दिवसाचे वाटते. पण जतची मुलगी पाटणला दिली असेल तर दोन जिल्ह्यांमधला प्रवास, बुडालेला रोजगार, कडेवरचे मूल आणि वर भावाला ‘माझे नाव काढ’ म्हणण्याचा संकोच, असा त्याचा खरा हिशेब असतो. मन खचलेल्या बाईला हे काम ‘तुम्ही जाऊन या’ म्हणून सांगणे व्यर्थ आहे. भावाशी फोनवर कोण बोलणार, अर्ज कोण भरणार, मूल कोण सांभाळणार हे आपापसांत वाटून घ्यावे आणि तिच्याकडे फक्त सही ठेवावी.

नवऱ्याने सोडलेल्या किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईसाठी विभक्त कार्डाचा अर्ज करावा लागतो. आधार, राहत्या जागेचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा कागद ही साधारण तयारी ठेवावी. कार्ड मिळाले तरी धान्य लगेच सुरू होईल असे नाही. केशरी कार्डधारकाला प्राधान्य यादीत घेण्यासाठी इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक असावा लागतो. ‘इष्टांक न्हाई’ हे तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि कार्डाचा बारा अंकी नंबर तिच्या व आपल्या, दोघींच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवावा. १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यावर न भागल्यास कायद्याने नेमलेला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. पात्र माणसाला ठरलेले धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, हेही अर्जात लिहावे.

दुकानासमोरची दहा मिनिटे

मिरजेच्या पूर्व भागातल्या एका दुकानात पाहिलेला प्रसंग सांगण्यासारखा आहे. हळद शिजवण्याच्या हंगामात काम करून बोटे पिवळी पडलेली आणि रेषा झिजलेली एक बाई ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवत होती आणि ठसा काही उठत नव्हता. तिने पदराला बोट पुसले, पुन्हा ठेवले. दुकानदाराने दुसरे बोट, मग तिसरे बोट असे करायला लावले आणि रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, ‘फुकटचं घ्यायला आल्यावर टाईम लागायचाच.’ ती काही बोलली नाही. कार्ड पिशवीत टाकून तशीच निघून गेली, आणि त्या महिन्यात परत आली नाही. दुकानदाराच्या दप्तरात तेवढीच एक न उचललेली ओळ दिसली असणार.

असे होऊ नये म्हणून काही साध्या गोष्टी करता येतात. ठसा उठत नसेल तर मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा यंत्रात सोय असल्यास डोळ्याच्या बुबुळाने ओळख पटवण्याची विनंती करावी. त्यासाठी तिचा चालू मोबाईल नंबर आधारला जोडलेला असणे महत्त्वाचे आहे, आणि नेमका तोच नंबर पुष्कळदा नवऱ्याचा किंवा बंद पडलेला असतो. ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळण्याची नोंद) राहिली असेल तर तीही याच फेरीत उरकून घ्यावी. दुकानात गर्दी कधी असते हे दुकानदाराला आधी विचारून ठेवावे आणि पहिल्या एक-दोन महिन्यांत तिच्याबरोबर आपलेही कार्ड घेऊन रांगेत उभे राहावे. आपण कोणाची सोय म्हणून नव्हे तर स्वतःचे धान्य घ्यायला आलो आहोत, हे दिसले की टोमणे मारणाऱ्याची जीभ आखडते.

एवढे करूनही दुकानदार अपमान करत असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि तो फार कमी जणींना माहीत असतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या सोयीमुळे प्राधान्य आणि अंत्योदय कार्डावरचे धान्य कोणत्याही रेशन दुकानातून उचलता येते. ही सोय स्थलांतरित मजुरांसाठी आणली गेली असली, तरी आपल्याच गावातली भाऊबंदांची रांग टाळून शेजारच्या गावातल्या दुकानात जाण्यासाठी ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. बाजाराच्या दिवशी, बाजाराच्याच पिशवीतून आणलेला तांदूळ कोठून आला हे गावाला कळण्याचे कारण नाही. लाज मोडून काढायला हवी, ती अशी झाकू नये, असे काही कार्यकर्ते म्हणतात. तत्त्व म्हणून ते ठीक आहे. पण घरात तान्हे मूल असलेल्या आणि रडू आवरत नसलेल्या बाईच्या डोक्यावर समाजसुधारणेचे ओझे देऊ नये. आधी धान्य घरात यावे.

अंगणवाडी आणि मातृत्व लाभ

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला, तसेच सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून पूरक आहार मिळणे हाही अन्न सुरक्षा कायद्यातलाच हक्क आहे. आईसाठी दिवसाला ६०० कॅलरी असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. घरी नेण्याची पाकिटे काही घरांत म्हशीला जातात, हे सेविकांना ठाऊक असते, आणि त्यावरून आईला चारचौघांत बोल लावला जातो. ते टाळून चवीची तक्रार खरी मानावी आणि पाकिटातल्या पिठात गूळ व शेंगदाण्याचे कूट घालून लाडू किंवा धिरडी कशी करता येतात, हे एकदा तिच्याच चुलीवर करून दाखवावे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास एकरकमी ६,००० रुपये मिळतात. खाते तिच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले असावे. मुलगा-मुलगी शाळेत असेल तर आठवीपर्यंत दुपारचे जेवण शाळेतच आहे.

मनाची विचारपूस

नैराश्य हा शब्द आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल वापरत नाहीत. अंगात बळ राहिले नाही, डोके जड होते, छातीत धडधडते, कशात मन लागत नाही, ‘नुसता इचार येतो’ अशी ती भाषा असते. कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी बाहेरचे झाले म्हणते. त्यावर वाद घालू नये. अंगारा लावायचा असेल तर लावू द्यावा, आणि सोबत दवाखान्यातही जावे.

डॉक्टर चाळणीसाठी दोन प्रश्न वापरतात, ते आपणही विचारू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटत होते का? पूर्वी आवडणाऱ्या कामांत गोडी वाटेनाशी झाली आहे का? दोहोंपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले तर दवाखाना गाठावा. बाळंतिणीच्या बाबतीत आणखी एक भेद लक्षात ठेवावा: बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक वेळा आपोआप ओसरते, दोन आठवड्यांनंतरही ते तसेच राहिले तर ते ओसरण्याची वाट पाहू नये. रात्र-रात्र झोप नाही, भलतेसलते आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र शंका येते, असे दिसले तर त्याच दिवशी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि तोवर आई व बाळ दोघांनाही एकटे सोडू नये.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी तरी भेटले म्हणून बाई मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल तर तिच्यासोबत थांबावे, शेतीची औषधे कुलपात ठेवावीत (द्राक्षपट्ट्यात ती घराघरांत, कधी कधी स्वयंपाकघराच्या फळीवर असतात) आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावावा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. पोलिस केसच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे घरच्यांना सांगावे.

तपासणीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी, कारण रक्त कमी असणे आणि थायरॉइडचा त्रास यांची लक्षणेही अशीच असतात आणि ती आधी तपासून घ्यायला हवीत. पुढच्या उपचारासाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, तर सांगली जिल्ह्यात सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याच २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तिच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते आपल्यावरही आहे असे समजावे. गटाच्या बैठकीत ‘तिला मिरजेला दाखवलंय’ हे वाक्य एकदा जरी निघाले, तरी ती पुढच्या तपासणीला येणार नाही.

गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत ‘काय फरक न्हाई’ म्हणून त्या सोडू नयेत. आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. बाळ अंगावर पीत असल्याचे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे ते त्यानुसार औषध निवडतात. सवय लागेल ही भीती सासूबाईंना सर्वांत जास्त असते, तेव्हा एका खेपेला त्यांनाच सोबत न्यावे.

ऊसतोडीला किंवा मुंबईला जाण्याआधी

दिवाळीच्या आसपास माण-जतकडची कुटुंबे कारखान्यांच्या तळांवर जातात आणि इतकी मेहनत करून बसवलेली घडी तिथे विस्कटते. निघण्यापूर्वी रेशनकार्डाची झेरॉक्स आणि बारा अंकी नंबर तिच्याकडे असल्याचे पाहावे. तळाजवळच्या दुकानातून तिला तिचे धान्य घेता येते. बाळाचे लसीकरण कार्ड आणि अंगणवाडीची नोंद सोबत द्यावी, म्हणजे तिथल्या सेविकेला नाव घ्यायला अडचण येत नाही. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, डॉक्टरांशी बोलून गोळ्या जास्त दिवसांच्या घ्याव्यात, आणि त्या संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून त्या दिवशी तिला, मुकादमाच्या फोनवर नव्हे तर तिच्या स्वतःच्या फोनवर, फोन करावा.